गजूचा फोन आला नव्हता

मावशी, जे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोला नाही, अब्बांना त्यांच्या शेवटच्या दिवसांतही नाही, ते आधी सांगून टाकतो. गजूचा फोन कधी आलाच नव्हता. त्या हिवाळ्यात जितक्या वेळा मी तुम्हाला "फोन आला होता, बरा आहे" असं कळवलं, तितक्या वेळा मी खोटं बोललो. आणि तुमच्या हातचं जेवून बोललो.

तुम्हाला जाऊन अजून आठवडाही झाला नाही. डोंगरकड्याला तुमच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. पोरांनी ती घाईघाईनं एका बाजूला ओढली आणि मोकळ्या झालेल्या जागेत तुम्हाला ठेवलं. लुगड्याच्या काठाला पिवळं लागलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. नवीन माणूस आलं की विचारायचं, हे कोण? तुमची लेक सांगायची, "रफिक सर. आईचा डबा धुणारा." तशातही एखाद्याच्या तोंडावर हसू यायचं. ते नाव तुम्हीच मला लावलंत आणि त्या घरात माझी तीच ओळख राहिली. त्या नावानं कोणी बोलावलं की मी आतून आखडतो, हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही.

वाचणाऱ्याला आपली ओळख ठाऊक नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो. तुमचा गजू आणि मी बारावीला हिंगोलीत एका खोलीत राहत होतो. मी पुसेगावचा, चाँदभाई शिलाईवाल्याचा मुलगा. अम्मी मी आठवीत असताना गेली. बहीण लहान, ती आत्ता कुठं भाकरी थापायला शिकत होती. मला डबा कोण पाठवणार? मी स्टोव्हवर भात टाकायचो आणि त्यावर तेल-तिखट घेऊन खायचो. गजूचा डबा मात्र रोज यायचा. आपल्याकडं तेव्हा बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनंच यायचे. गावोगावची माणसं ड्रायव्हरच्या हाती पिशवी द्यायची, तो त्या बॉनेटवर रचून ठेवायचा आणि हिंगोलीच्या स्टँडवर गाडी लागली की आम्ही पोरं दाराशी गर्दी करायचो. ज्याची त्याला पिशवी खुणेवरून कळायची. तुमच्या पिशवीला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. रिकामे डबे परतीच्या गाडीनं जायचे. एक हात स्टेअरिंगवर आणि ब्रेक मारताना दुसरा हात डब्यांवर ठेवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांना आमची नावंही ठाऊक नव्हती. आम्ही त्या सगळ्यांना मामा म्हणायचो. त्यांचे आभार मानावेत हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत गजू गेला. अभ्यास त्याला झेपत नव्हता, हे मला दिसत होतं. एका सकाळी तो पिशवी भरायला लागला.

"पुण्याला चाललो. कंपनीत लागतो. घरी बोलू नको, बाप तंगडं तोडील माझं. मीच कळवतो मागून."

"आन् डबा?" मी विचारलं.

"तू खा की. नुसता भात खाऊन खाऊन वाळून राहिलास."

मावशी, तो कोणाकडं जाणार, कुठं उतरणार, खिशात काय आहे, हे मी विचारलं नाही. पहिलं विचारलं ते डब्याचं. पुढची सगळी गोष्ट ह्या एका प्रश्नात आहे.

मग मी तुमचा डबा खाऊ लागलो. ज्वारीची भाकरी, मिरच्यांचा ठेचा, घट्ट वरण, कधी शेपू. गजू शेपू बाजूला सारायचा. मी बोटं चाटून खायचो. दुसऱ्याचं खातोय ही टोचणी होतीच, म्हणून खाऊन झालं की डबा नळाखाली घासायचा, आतून-बाहेरून पुसायचा आणि मग पिशवीत घालायचा. एवढं केलं की मला बरं वाटायचं. जणू धुण्यानं काही फिटत होतं.

सकाळच्या गाडीचे मामा मधून मधून तुमचा निरोप द्यायचे. "डोंगरकड्याची बाई विचारून राहिली, पोरगं बरं हाय का?"

"बरं आहे म्हणा," मी म्हणायचो.

मग एक दिवस गाडी लागली आणि बॉनेटवर हिरव्या चिंधीची पिशवी नव्हती. मी खाली वाकून बघत होतो. मामांनी हनुवटीनंच बाकाकडं दाखवलं. तुम्ही बसला होतात. पिशवी मांडीवर आणि दोन्ही हात तिच्यावर.

"तूच का रे डबा धुणारा?"

मी नुसती मान हलवली.

"माझं पोरगं घरी जेवल्यालं ताट उचलत न्हाई. ते हितं डबा घासून पाठवायलं? झाकणाच्या कडीतलं बी साफ? पहिल्याच आठवड्यात कळलं मला. म्हणलं, हे दुसरंच कोणतरी हाय." मग आवाज खाली आला. "गजू कुठं हाय?"

"पुण्याला."

"काहून?"

"कंपनीत लागतो म्हणाला."

तुम्ही रडला नाहीत, ओरडला नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलात. "बरा हाय का?"

मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं. माझी नजर तुमच्या मांडीवरच्या पिशवीवर होती. मला स्वच्छ दिसलं की ठाऊक नाही म्हटलं की ही बाई इथून उठेल, नवऱ्याला घेऊन पुण्याचा रस्ता धरेल आणि उद्यापासून डबा नाही. मी म्हणालो, "बरा आहे. फोन आला होता त्याचा, समोरच्या एसटीडीवर."

"काय म्हणला?"

"जेवण मिळतं म्हणाला. काम चांगलं आहे म्हणाला. आईला सांग म्हणाला."

हे शेवटचं का बोललो ते मला आजही कळत नाही. तेवढ्यावर तुमचा चेहरा सैल झाला. तुम्ही पिशवी माझ्यापुढं केलीत.

"नाव काय तुझं?"

"रफिक. पुसेगावचा."

"आई हाय?"

"नाही."

"बरं. तुमचे रोजे कधी लागतेत?"

"पुढच्या महिन्यात."

"मंग सकाळच्या गाडीनं पाठवून काय उपयोग? दिवसभर डब्याकडं बघत बसशील. सांजच्या गाडीनं लावीन." उठता उठता म्हणालात, "आन् त्याचा फोन आला की म्हणावं, तुझ्या वाटचं दुसरं लेकरू खाऊन राहिलं. संपायच्या आत ये."

स्टँडवरची दोन माणसं हसली. मीही हसलो.

तुम्ही बोललात तसं केलंत. रमजानभर डबा संध्याकाळच्या गाडीनं आला, रोजा सोडायच्या आत. वर दोन केळी असायची, अर्धापूरकडची, पिवळीधमक. शेजारणीनं तुम्हाला टोकलं होतं म्हणे, कोणाच्या हातचं उष्टं भांडं घरात घेतेस. तुम्ही तिला म्हणालात, गाडीत शेजारी कोण बसतं ते मी कधी इचारलं न्हाई, भांड्याचं काय इचारू. ही गोष्ट तुम्ही नंतर वर्षानुवर्षं सांगायचात आणि दरवेळी त्या शेजारणीची नक्कल करायचात. ऐकणारी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघायची. मी मान खाली घालायचो. त्यांना तो संकोच वाटायचा.

कारण डब्याबरोबर निरोप यायचा, "फोन आला का?" आणि रिकाम्या डब्याबरोबर माझा निरोप जायचा, "आला होता. बरा आहे." कधी त्यात भर घालायचो. नवा स्वेटर घेतलाय म्हणे. साहेब चांगला आहे म्हणे. खोटं बोलायला बसलो की मला बारकावे सुचायचे, आणि डबा तसाच भरून यायचा.

एकदा तुम्ही हिंगोलीला बाजाराला आलात. स्टँडवर मला शेंगदाण्याचे लाडू दिलेत आणि सहज बोलून गेलात, "गजूच्या बापानं पिशवी भरून ठिवली व्हती. पुण्याला निघाला व्हता, मेव्हण्याला घिऊन. मीच थांबवला. म्हणलं पोराचा फोन येतोय, बरं हाय, तुमी जाऊन चारचौघात त्याला वढत आणू नका. येईल त्याचं त्यो."

मी लाडू खात होतो. तेव्हाच सांगता आलं असतं. गाडी अजून लागायची होती, आपण दोघं बाकावर, मध्ये तुमची भाजीची पिशवी. मी लाडू संपवला आणि म्हणालो, "हो मावशी. येईल."

नंतर कळलं, साधारण त्याच दिवसांत गजूचा हात मशीनखाली गेला होता. उजव्या हाताची तीन बोटं. तो परक्या गावात दवाखान्यात पडून होता, घरी कोणत्या तोंडानं कळवू म्हणून गप्प. आणि त्याच्या बापाची भरलेली पिशवी डोंगरकड्यात खुंटीला टांगलेली होती.

परीक्षा झाली, खोली सोडली. उन्हाळ्यात निकालासाठी हिंगोलीला आलो तर मामा भेटले. म्हणाले, "तुझ्या डब्यावाल्या बाईचं पोरगं आलं रे. हात रुमालात गुंडाळून आलं." मी तिथूनच पुसेगावची गाडी पकडली. तुमच्याकडं आलो नाही. पुढं डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं, तरी आलो नाही. त्या रस्त्यानं नांदेडला जायचं असलं की डोंगरकड्याच्या आधी मी गाडीत डोळे मिटून घ्यायचो. हा माझा नेम होता.

मग बदली झाली ती तुमच्याच बाजूला. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभा होतो आणि मागून कोणीतरी माझी बाही ओढली. केस पांढरे झालेले, बाकी त्याच तुम्ही.

"डबा धुणारा का रे तू?"

"व्हय मावशी."

"मास्तर झालास?"

"झालो."

"आन् आमाला सांगायचं व्हतं कोणी? पेढे न्हाई तर न्हाई, तोंड तरी दावायचं. का माझ्या भाकरीनं पास न्हाई झालास?" टपरीवाल्याकडं वळून म्हणालात, "ह्यानं माझं खाल्लं आन् वळख इसरला." तो हसला. तुम्ही थट्टा करत होता. मी पैसे द्यायच्या निमित्तानं टपरीकडं वळलो.

त्यानंतर तुम्ही मला सोडलं नाहीत. हळदीच्या दिवसांत, पोळ्याला, लेकीच्या बाळंतपणाला, कशालाही निरोप यायचा. माझी बायको तुम्हाला सासू म्हणू लागली. आपला एक वाद मात्र कधी मिटला नाही. मी म्हणायचो, मावशी, ओळख ना पाळख, तुम्ही मला जेवू घातलंत. तुम्ही लगेच तोडायचात. "मी तुला कवाच वाढलं न्हाई. मी गजूला डबा लावत व्हते. तू मधी आलास." मी म्हणायचो, पण कळल्यावरही लावलात ना. त्यावर म्हणायचात, "आता आभार मानायला हितं काय सभा भरली का? तांब्या आण."

तुमचं बरोबर होतं की माझं, ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी जगात कोणीही केलेलं भलं साधेपणानं घेऊ शकत नाही. कोणी गाडीत सरकून जागा दिली, दुकानदारानं आपली छत्री दिली, दवाखान्यात अनोळखी बाईनं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, की लोकांना बरं वाटतं तसं मला वाटतं, आणि पाठोपाठ वाटतं, ह्यांना कळलं तर. मुलांना वर्गात कृतज्ञतेचा धडा शिकवताना मी पुस्तकातलं वाचतो आणि पुढं जातो. स्वतःचं उदाहरण देत नाही.

एकदा सांगायला आलोही होतो. तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत होता. मी म्हणालो, "मावशी, त्या बारावीच्या वर्षीचं एक बोलायचंय."

"बोल की. पर हात चालू ठिव," म्हणत तुम्ही माझ्यापुढं शेंगांचा ढीग लोटलात.

मी फोडायला लागलो. शब्द जुळवत होतो तेवढ्यात गजू शेतातून आला. उरलेल्या दोन बोटांत त्यानं पाण्याचा पेला धरला, सवयीनं, अगदी सफाईनं, आणि माझ्या शेजारी टेकला. मी पुढची शेंग उचलली.

"काय बोलणार व्हतास?" तुम्ही विचारलंत.

"काही नाही. बदली होईल असं वाटतंय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "बरं," म्हणालात. "मग खा."

तुम्ही गेल्याचा फोन गजूनंच केला. मी शाळेतून तसाच निघालो आणि वारंग्याच्या अलीकडं मोटारसायकल बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. उन्हात ढकलत चाललो होतो तर समोरून एक जोडपं गाडीवर आलं आणि थांबलं. माझ्याएवढाच माणूस, मागं बायको, तिच्या मांडीवर रोपांचं खोकं.

"कुठं जायचं सर?"

"डोंगरकड्याला. मातीला."

पुढं काही न विचारता त्यानं गाडी स्टँडला लावली, डिकीतून बाटली काढली आणि आपल्या टाकीची नळी काढायला बसला.

बायको म्हणाली, "आपलं किती हाय ते बघा आधी. मागल्या बारीला मला उमऱ्यापस्तोर चालवलं."

"बाळापूरपस्तोर जातंय की."

"जातंय म्हणं. तुमचं असंच जातंय." पण खोकं खाली ठेवून तिनंच बाटलीचं तोंड धरलं.

पेट्रोल ओतताना त्यानं विचारलं, "कोण लागत होते तुमचे?"

काय सांगणार होतो? माझा चेहरा बघून त्याला वाटलं, जवळचं माणूस गेलं. तो हळूच म्हणाला, "असू द्या. जा तुमी, उशीर नका करू." मी खिशात हात घालेपर्यंत त्यांची गाडी निघालीसुद्धा. बायको मागं वळून हात हलवत होती. त्यांनी मला तुमच्यापर्यंत वेळेवर पोहोचवलं, मावशी. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

स्मशानातून परत आलो. कडुलिंबाचा पाला चावून माणसं पांगली. गजू हळदीच्या पोत्यावर बसला होता. मला म्हणाला, "रफ्या, बस. एक इचारायचं व्हतं."

मी बसलो.

"आई आजारपणात भेटायला येईल त्याला सांगायची, पोरगं पुण्याला गेलतं तवा ह्या रफिकनं मला त्याची खबर पुरवली, न्हाईतर मी येडी झाले असते. फोन यायचा म्हणं माझा. हे मी ह्याच वर्षी पहिल्यांदा ऐकलं. मी परत आलो तवा तिनं मला फोनाचं कधी इचारलंच न्हाई."

तो बोटं नसलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिला.

"मी तर कोणालाच फोन केला न्हवता. मंग तू खबर कुठून आणायचास? कोणाला धाडलं व्हतंस का तिकडं? मी इचार करून राहिलो, दवाखान्यात मला वाटायचं जगात आपलं कोणी न्हाई. आन् तिकडं माझी कोणीतरी चौकशी करत व्हतं, मला ठाऊक बी न्हवतं. कोण व्हता तो माणूस? जिवंत आसंल तर भेटून येऊ म्हणलं."

त्याचे डोळे भरले होते. आई गेल्याच्या दिवशी त्याला तेवढाच एक आधार सापडला होता. मी म्हणालो, "नंतर बोलू गजू." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तोच हात.

आता मला एकच विचार सुटत नाही. धुतलेल्या डब्यावरून पोरगं तिथं नाही हे ओळखणाऱ्या बाईनं, पोरगं परत आल्यावर त्याला फोनाचं एका शब्दानं विचारू नये? इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तुम्हाला माझं खोटं ठाऊक नाही. आता वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं, आणि विचारलं असतं तर गजूला कळलं असतं म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. माझं खोटं पोटात घातलंत. की खरंच विश्वास होता आणि विचारायची गरजच वाटली नाही? ह्यातलं पहिलं खरं असेल तर मला तुमच्या पाया पडायला हवं होतं. दुसरं असेल तर मी तुम्हाला शेवटच्या श्वासापर्यंत फसवलं. दोन्हींतलं कोणतं हे सांगायला आता तुम्ही नाही, आणि मी विचारलं नाही हा दोष माझाच आहे.

तुमच्या भाकरीवर मी मास्तर झालो, घर उभं केलं, मुलीला शिकवलं. त्याबद्दल तुम्हाला आभार चालायचे नाहीत, तरी मानतो. रागवायला तुम्ही नाही, म्हणून मानता येतात.

फेडायचं राहिलं आहे ते गजूचं. दहाव्याला डोंगरकड्याला जाईन. हे कोणाच्या वाचनात येण्याआधी त्याच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की पुण्यात तुझी चौकशी करणारा माणूस कोणी नव्हता. डबा बंद पडू नये म्हणून मी खोटं बोललो, त्यामुळं तुझे वडील निघाले नाहीत, आणि तू तिथं एकटा पडून राहिलास. एवढं सांगण्याचं मी त्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.